समुद्राकडे पाठ करून उभा राहणारा

क्लासच्या मालकाने मिलिंद सरांना फसवलं, आणि मिलिंद सरांनी मला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिताना माझाच गोंधळ होणार आहे. मिलिंद सरांबद्दल विचार करायला लागलो की माझा नेहमी गोंधळ होतो. माणूस ओळखण्यात मी कच्चा नाही. औशाच्या बाजारात पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि समोरच्याच्या डोळ्यावरून त्याला माल किती हवाय हे ओळखत ओळखत इथवर आलो. पण हा एक माणूस मला शेवटपर्यंत कळला नाही.

भूकंपानंतर मी पडक्या घरांचं सामान घ्यायचो. सागवानी चौकटी, तुळया, घडीव दगड, लोखंडी कड्या. लोक म्हणतात, बालाजीने मेलेल्यांच्या चौकटी विकल्या. विकल्या. नाहीतर वाळवी खाणार होती. ज्यांच्या होत्या त्यांना भाव दिला, आणि तो भाव देताना त्यांच्यापैकी कुणाच्या दाराशी मी आवाज चढवला नाही. एरवी मी भाजीवालीशीसुद्धा आवाज चढवतो.

औसा रोडला माझं आवार होतं. तिथे एके दिवशी एक पोरगा आला. सडपातळ, शर्ट बाहेर, खांद्याला झोळी, काखेत पिठाची चाळण. चौकटींकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"दगडांबरोबर जी माती येते, ती कुठं टाकता?"

"कशाला पायजे?"

"चाळायची आहे."

मी मनात हसलो. ज्याला दार हवं असतं तो आधी खिळ्याचा भाव विचारतो, हे मला माहीत होतं. म्हटलं, "मातीला भाव हाय."

"मातीला?"

"तुला पायजे म्हणल्यावर हाय."

त्याला राग आला नाही, हसूही आलं नाही. तो खरोखर विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "मी नेत नाही. इथंच बसून चाळतो. बघायचा भाव काय?"

बघायचा भाव मी कधी लावला नव्हता.  मी म्हटलं, बस.

हे मिलिंद सर. तेव्हा सर नव्हते. नांदेडचे. वडील रेल्वेत होते, लवकर गेले. घरी आई आणि शिकणारी एक बहीण. आधी प्राणिशास्त्र शिकले, त्यात शंखशिंपल्यांचा नाद लागला, आणि तो नाद त्यांना पुराणवस्तूंच्या अभ्यासाकडे घेऊन गेला. समुद्रकाठची जुनी बंदरं, खाड्या, वाळू कुठे साचली, पाणी कुठून कुठे हटलं, हा त्यांचा विषय. समुद्राचा अभ्यास करणारा माणूस लातूर जिल्ह्यात, जिथे प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं, तिथे काय करून राहिलाय, हे मला कळेना. मी तसं विचारलंही.

"समुद्राच्या वस्तू समुद्राकाठी राहत नाहीत, भाऊ," ते म्हणाले. "विकायला बाहेर पडतात. हे मी तुम्हाला सांगायचं?"

या एका वाक्याने त्यांनी मला बांधलं. तेव्हापासून मी त्यांना अहो-जाहो करायला लागलो. रागात असलो तर मात्र अरे-तुरेवर यायचो, आणि रागात मी बऱ्याचदा असायचो.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या बहुतेक गावांच्या कडेला पांढऱ्या मातीचं टेकाड असतं. त्याला पांढरी म्हणतात. सर सांगायचे की जुनी वस्ती मोडली, तिच्यावर नवी बसली, तीही मोडली, असं होत होत हे टेकाड चढलंय. आम्हाला एवढंच माहीत की ती माती चिवट असते, पाणी आत जाऊ देत नाही. म्हणून भिंतीत ती, आणि माळवदावरही ती. दर उन्हाळ्यात पांढरी आणायची आणि घराच्या छपरावर नवा थर द्यायचा. बापाने दिला, त्याच्या बापाने दिला. जुना थर कुणी काढत नव्हतं. भूकंप झाला त्या पहाटे मी बाजारात आडतीवर झोपलो होतो. आई घरात होती. ते सगळे थर एकदम खाली आले.

आमच्या गावचं टेकाड माझ्या शेतात आहे, माझ्याच सातबाऱ्यावर. गाव उठून दुसरीकडे वसलं, टेकाड तिथेच राहिलं. त्याच्याकडे बघितलं की माझं डोकं फिरायचं. ते उचलावं, ट्रॅक्टरात भरावं, कुठल्यातरी खड्ड्यात ओतावं आणि जमीन सपाट करावी, एवढी एकच इच्छा होती. गिऱ्हाईक तयार होतं. लातुरात प्लॉटांची भरणी चालू होती, वीटभट्टीवाले वेगळेच.

आणि नेमका त्या टेकाडावर मिलिंद सरांचा जीव बसला.

त्याला कारण झाली एक बांगडी. माझ्या स्वतःच्या घराच्या दगडांबरोबर आलेली माती ते चाळत होते. त्यांनी बोटाच्या पेराएवढा पांढरट तुकडा उचलला आणि सरळ जिभेला लावला.

"थुंक! थुंक आधी!" मी ओरडलो.

ही त्यांची सवय. काहीही सापडलं की जिभेला. हाड असेल तर जीभ चिकटते, म्हणाले. भाजलेलं खापर थोडं ओढतं. हे चिकटत नाही. मग त्यांनी तो तुकडा माझ्यापुढे धरला. कडेला एक वाक होता, वरून बारीक रेघ कोरलेली.

"बांगडी आहे. शंखाची. समुद्रातला शंख."

मी तो हातातून हिसकावून घेतला. "माझ्या आईची?"

त्यांनी विचारलं, "आई काचेच्या घालायच्या का?"

"हाव."

"मग त्यांची नसावी. त्यांच्या आधीची. फार आधीची. टेकाडातल्या मातीबरोबर भिंतीत आली असेल."

"कुणाची मग?"

"कुणीतरी बाई. फुटली म्हणून टाकली असेल, किंवा हातात असतानाच गेली असेल. शक्य आहे."

"नक्की सांग."

"नक्की सांगता येत नाही, भाऊ."

शक्य आहे. हे त्यांचं पालुपद. जेवलात का, म्हटलं तरी ते म्हणतील, शक्य आहे. माझा सगळा धंदा हो किंवा नाहीवर चाललेला, आणि हा माणूस कधी दोन्हींतलं काही बोलायचा नाही. शंख बहुधा गुजरातच्या बाजूचा, शक्य आहे. कोकणातल्या एखाद्या बंदरातून घाट चढून आला असेल, शक्य आहे. मी बेजार व्हायचो. पण तो तुकडा मी त्यांच्याकडेच ठेवायला दिला. सापडलेली प्रत्येक वस्तू ते काडेपेटीत ठेवायचे. या तुकड्याला त्यांनी नवी काडेपेटी विकत आणली, आतल्या काड्या माझ्या बायकोला देऊन टाकल्या.

टेकाडावर मात्र ते कुदळ लावायला तयार नव्हते. मीच म्हटलं, माझी जमीन, माझी माणसं, काय निघतं ते बघू. त्यांनी हात जोडले. "खोदायचं तर परवानगी लागते. आणि घाईने खोदलं तर काय कशाच्या वर होतं ते कायमचं जातं. वर पडलेलं वेचतो, तेवढं पुरे." मग उन्हात काळी छत्री घेऊन, मान खाली घालून, ते टेकाडावर येरझारा घालायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसाचं काहीतरी हरवलंय.

एकदा मी त्यांच्याबरोबर कोकणात गेलो. घरी सांगितलं, लाकूड बघायला चाललोय. खरं म्हणजे मला समुद्र बघायचा होता. मी कधी बघितला नव्हता. एसटीतून उतरलो, वाळूत आलो, आणि समोर ते एवढं पाणी. मी चपला हातात घेऊन उभाच राहिलो. वळून बघतो तर सर समुद्राकडे पाठ करून उभे. नजर उलट्या बाजूला, दूरवरच्या भातखाचरांवर.

"अहो, एवढ्या लांब आलो अन् तुम्ही पाठ करून राहिले?"

"पाणी पूर्वी तिथपर्यंत होतं," ते खाचरांकडे बोट दाखवत म्हणाले. "ती कड दिसते? तिथं गलबतं लागत असतील. मग खाडी गाळाने भरली. बंदर बंद पडलं."

"लोक बुडाले?"

"नाही. कुणी बुडालं नाही. पाणी हळूहळू लांब गेलं. रोज जरा जरा. लोकांना कळलंसुद्धा नसेल. एक दिवस माल उतरायचा बंद झाला आणि ते दुसरीकडे गेले."

आमचं गाव एका पहाटेत गेलं. असं हळूहळू गाव कसं जातं, ते मला कळेना. मी त्यांना म्हटलं, निदान पाय तरी ओले करा. तर साहेब घाबरले. नांदेडचा, गोदावरीकाठचा माणूस, पण आईने लहानपणी कधी घाटावर उतरू दिलं नाही म्हणून पोहता येत नाही, आणि घोट्यापर्यंत पाणी आलं तरी छातीत धडधडतं. समुद्रावर पुस्तकं लिहायला निघालेला माणूस! मी इतका हसलो की मासळीच्या पाट्या घेऊन चाललेल्या दोन बायका थांबून बघायला लागल्या. त्यांच्याकडून सरांनी रिकामे शंख मागितले. मी मध्ये पडून घासाघीस सुरू केली. एक बाई म्हणाली, "अवो, ते तुमच्या पायाखाली पडलेत, फुकट उचला!" सर त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसलेले मी बघितले.

मग लातुरात क्लासचे दिवस आले. जिकडे तिकडे मेडिकलला जाणारी पोरं, त्यांच्या पेट्या, त्यांच्या आया. मी चौकटींचा धंदा आवरला आणि मुलांसाठी वसतिगृह बांधलं. जवळच एक मोठा क्लास होता. त्याच्या मालकाला जीवशास्त्राचा मास्तर हवा होता आणि सरांना नोकरी. बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं, आणि समुद्राच्या अभ्यासावर घर चालत नाही. सरांनी एकच अट घातली: उन्हाळ्याचे दोन महिने सुट्टी. किनाऱ्यावर जायला, आणि पुढे टेकाडासाठी. मालक गोड माणूस, चष्म्याच्या काडीला बोट लावून बोलणारा. म्हणाला, "सर, उन्हाळा तुमचा."

सर माझ्याच वसतिगृहात वरच्या खोलीत राहायचे. फळीवर पुस्तकं कमी आणि काडेपेट्या जास्त. एकदा मी क्लासच्या जिन्यात थांबून त्यांचा तास ऐकला. फळ्यावर त्यांनी शंखाचं चित्र काढलं होतं, प्रत्येक वेटोळं वेगळं दाखवून, आणि तो प्राणी आपलं घर आपल्याच अंगातून कसं बांधत जातो ते सांगत होते. पोरं गप्प बसली होती. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"शक्य आहे," सर म्हणाले. सगळा वर्ग हसला. पोरं का हसली, ते सरांना कळलं नाही.

पण निकाल चांगले यायला लागले, आणि घात झाला तो तिथेच. उन्हाळा आला की मालकाची काहीतरी नवी बॅच निघायची. कधी नापास झालेल्यांसाठी, कधी परीक्षेआधीची घाईची तयारी, कधी पुढच्या वर्षाची आगाऊ सुरुवात. "सर, एवढा उन्हाळा काढा." सर काढायचे. खोलीतली झोळी भरलेली तशीच खुंटीला.

शेवटी माझंच डोकं सणकलं. मी सरांचा दंड धरून मालकाच्या ऑफिसात गेलो.

"जबान दिली होती का न्हाई? उन्हाळा यांचा म्हणून?"

"शेठ, आम्ही सरांना कधी अडवलं?" मालक हसला. "सर, मी अडवलं का तुम्हाला? जायचं असेल तर आत्ता जा. फक्त ही दोनशे पोरं कुणाच्या भरवशावर आलीत, तेवढं बघा."

मी सरांकडे बघितलं. सौदा माझ्या हातात आला होता. त्यांनी फक्त "जातो" म्हणायचं होतं. ते जमिनीकडे बघत होते, टेकाडावर बघायचे तसं. म्हणाले, "बघू."

बाहेर आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, त्या पोरांमध्ये अर्धी आपल्या गावांकडची आहेत. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली."  मालकाने त्यांना धरून ठेवलं होतं की ते स्वतः थांबले होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र ते कोकणात गेले. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं टेकाडावर गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे एक चक्कर मारली. मग ती नवी काडेपेटी पुढे केली. "ही देऊ का परत?"

"घेऊन जा. येताना आणा."

"पावसाळा संपला की परवानगी घेऊन येतो," ते म्हणाले. "टेकाड तेवढं ठेवा. एक टोपलंही देऊ नका कुणाला."

"नक्की येता?"

"नक्की येतो."

हे नीट लक्षात घ्या. जेवलोय की नाही हेसुद्धा खात्रीने न सांगणाऱ्या माणसाने एकदाच नक्की म्हटलं, आणि ते मला म्हटलं. मी आयुष्यात फार लोकांच्या शब्दावर चाललेलो नाही. यांच्या शब्दावर चाललो.

पावसाळा गेला. पुढचाही गेला. टेकाडाला गिऱ्हाइकं येत राहिली. वीटभट्टीवाला म्हणाला, "बालाजीभाऊ, मातीच हाय ती."

"हाय. विकायची न्हाई."

"पण का?"

मला सांगता येईना. शेजारच्या गावांनी आपापली टेकाडं रिकामी केली. तिथे आता सोयाबीन आहे. बायको म्हणायची, "एवढे दिवस त्या टेकाडाचं तोंड बघत न्हवते, आता राखण करून राहिले." सरांच्या नांदेडच्या पत्त्यावर मी निरोप पाठवला, उत्तर नाही. क्लासच्या मालकाशी मी त्या भांडणानंतर बोलणंच तोडलं होतं, त्याला विचारणार नव्हतो. मला वाटलं, मोठे झाले असतील, परदेशात गेले असतील, समुद्राकाठी एखाद्या तंबूत असतील. राग यायचा, पण त्या रागात थोडा अभिमानही असायचा.

मग बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला नांदेडला गेलो. रिक्षातून जाताना मोठा फलक दिसला. त्याच क्लासची नांदेडची शाखा. मास्तरांचे फोटो ओळीने, आणि त्यांत मिलिंद सर. मी रिक्षा तिथेच थांबवली.

जिन्यावर भेटले. अंग सुटलेलं, केस पांढरे, हातात डस्टर. "भाऊ!" म्हणून वाकायला लागले, तर मी मागे सरलो.

"कोकणातून कधी आलास?"

"त्याच पावसाळ्यात. आईचं ऑपरेशन निघालं. मालकांनी इथं शाखा काढली, म्हणाले, घर इथंच आहे तुमचं."

"अन् परवानगी?"

"अर्ज केला होता. मग मागे घेतला."

"का?"

ते डस्टरकडे बघायला लागले. "भाऊ, मी तुमच्या गावी, टेकाडावर यायला निघालो होतो. लातूरहून एसटीने. औसा रोडला ट्रॅक्टर लागले होते, एकामागे एक, सगळे पांढऱ्या मातीचे. मी समजलो."

"काय समजलास?"

"की तुम्हीही दिलं. सगळेच देत होते. तुम्हाला दोष नव्हता देत मी. तुम्ही धंदेवाले माणूस. पुढच्या थांब्याला उतरलो आणि परत फिरलो."

 मी जिनाभर ओरडलो. वरून पोरं वाकून बघायला लागली.

"ती शेजारच्या गावची माती होती! माझं टेकाड हाय! आख्खं हाय! एक टोपलं न्हाई दिलं कुणाला! अरे, चवलीएवढं खापर तू जिभेला लावल्याबिगर बोलत न्हवतास, अन् मला एसटीच्या खिडकीतनं ओळखलास?"

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणाले, "अजून आहे?"

"हाय म्हणतो ना!"

"मला वाटलंच नाही, भाऊ. हे एक वाटलंच नाही."

"आता येशील का?"

घंटा झाली. पोरं जिन्यावरून आमच्या मधून आत जायला लागली.

"शक्य आहे," ते म्हणाले, आणि आत गेले.

मी निघालो नाही. वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो. त्यांनी फळ्यावर शंख काढला, तोच, वेटोळं वेटोळं करत. मग खिशातून काडेपेटी काढली. ती जुनी झाली होती, कडा मऊ पडलेल्या. आतला तुकडा त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, फिरवा. माझ्या घराच्या भिंतीतली ती बांगडी एका हातातून दुसऱ्या हातात जात मागच्या बाकापर्यंत गेली. एका मुलीने ती आपल्या मनगटाला लावून बघितली. सर खिडकीकडे पाठ करून उभे होते. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. ते वळले नाहीत.

त्यानंतर मी त्यांना बघितलेलं नाही.

टेकाड आहे. वर बाभळी वाढल्यात. पाऊस पडला की कडेने खापरं उघडी पडतात. मी ती उचलत नाही, काय कशाच्या वर होतं ते जाईल म्हणून. एकदा मात्र एक तुकडा जिभेला लावून बघितला. चिकटला. खापर की हाड, ते मला सांगता येईना.

तर मालक, तुम्ही त्या माणसाचे उन्हाळे घेतले, ते कुठल्या हक्काने? आणि सर, तुम्ही मला न विचारता, न बघता, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवरून विकणारा ठरवलंत, ते का? मी ज्याच्यावर राग धरून जगलो, त्या टेकाडाची तुम्ही मला राखण करायला लावलीत आणि तुम्हीच निघून गेलात. आता ते ठेवू की देऊन टाकू, हे मला कुणीतरी सांगायला हवं. कुणीही सांगा. पण इथे येऊन, त्या पांढरीवर उभं राहून, माझ्या तोंडाकडे बघून सांगा. शक्य आहे, हे उत्तर मी घेणार नाही.